करामातील एक जिम : पेहरावाचे नियम चांगले, अंमल अर्धवट

दुबईच्या करामा भागातील ज्या जिमविषयी हे लिहीत आहे, तिचे नाव मुद्दाम देत नाही; माझ्या तक्रारी मी व्यवस्थापकांना तोंडी आणि लेखी कळवल्या आहेत आणि त्यांपैकी निदान एक दूर करण्याचे त्यांनी मान्य केले आहे. एडीसीबी मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल अशा एका निवासी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ही जिम आहे. शुल्क महिन्याला दोनशे दिरहमच्या थोडे वर, त्यात पाच टक्के मूल्यवर्धित कर धरलेला. वर्षाचे एकदम भरल्यास बरेच स्वस्त पडते. यंत्रे नवी नाहीत, पण चालू स्थितीत आहेत, आणि एखादे बंद पडले तर त्यावर चिठ्ठी लावून ते खरोखरच दुरुस्त केले जाते. यंत्रांविषयी एवढे पुरे, कारण या शहरात जिम निवडताना, विशेषतः बाईमाणसाने निवडताना, आधी विचारायचे प्रश्न वेगळे असतात : काय घालून यायचे, कोणत्या भागात कोण असते, कपडे बदलण्याच्या खोलीची रीत काय, आणि रमजानात पाणी कुठे प्यायचे.

हे प्रश्न पुण्या-मुंबईच्या जिममध्ये कोणी फारसे विचारत नाही, कारण तिथे येणाऱ्या बहुतेकांचे संकोच आणि सवयी सारख्याच असतात. संयुक्त अरब अमिरातीत मूळ अमिराती नागरिक लोकसंख्येच्या दहा-बारा टक्क्यांच्या आसपासच आहेत आणि एकट्या भारतीयांची संख्या पस्तीस लाखांच्या पुढे गेलेली आहे. तरीही देशाचा धर्म इस्लाम आहे, कायद्यावर आणि लोकरीतीवर त्याची छाप आहे, आणि दुबई त्याबाबत शेजारच्या अमिरातींच्या, म्हणजे देशातील इतर घटक राज्यांच्या, मानाने सैल असली तरी सार्वजनिक सभ्यतेची मर्यादा तिलाही आहे. मॉलच्या दारावर खांदे आणि गुडघे झाकण्याची विनंती करणारे फलक असतात. त्याच मॉलमध्ये आखूड चड्डीतले पर्यटकही हिंडत असतात आणि त्यांना सहसा कोणी हटकत नाही. म्हणजे नियम लिहिलेला असतो, तो पाळण्याची अपेक्षाही असते, पण कुठे किती ताणायचा हे ज्याने-त्याने ओळखायचे असते. रस्त्यावर हे निभावून जाते. बंद जागेत, आरशांनी भरलेल्या दालनात, मिसरी, मल्याळी, फिलिपिनो, पठाण, लेबनानी आणि इंग्रज माणसे घामाघूम अवस्थेत एकमेकांपासून दोन हातांवर उभी असतात, तिथे मात्र सगळे अध्याहृत ठेवून चालत नाही.

या जिमची सर्वांत चांगली बाजू हीच, की येथे अध्याहृत काही ठेवलेले नाही. नाव नोंदवण्याआधीच स्वागतकक्षातील मुलगी समोर एक छापील पत्रक ठेवते, आणि दाराजवळ त्याच मजकुराचा अरबी, इंग्रजी व उर्दू असा तीन भाषांतील फलक आहे. त्यात साध्या चित्रांसह सांगितले आहे, की स्त्री-पुरुषांच्या एकत्र दालनात उघड्या अंगाने कोणी व्यायाम करायचा नाही. पुरुषांनी बगलेपासून कमरेपर्यंत कापलेली बनियने घालायची नाहीत. स्त्रियांनी नुसत्या स्पोर्ट्स ब्रावर न येता वर टी-शर्ट घालावा. दोघांच्याही शॉर्ट्स निदान अर्धी मांडी झाकणाऱ्या असाव्यात. लेगिंग्जना हरकत नाही. हिजाबला अर्थातच नाही, मात्र घोळदार अबाया (कपड्यांवरून घालायचा पायघोळ झगा) घालून ट्रेडमिलवर चढायचे नाही, कारण कापड पट्ट्यात अडकते, दुपट्ट्याचेही तसेच. धर्माने सांगितलेले काय आणि सुरक्षिततेसाठी लागणारे काय, हे एकाच पत्रकात पण वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडले आहे, ही गोष्ट मला फार आवडली. याच भागातील दुसऱ्या एका जिममध्ये मी विचारले होते तेव्हा ‘डीसेंट कपडे घाला, माम’ एवढेच उत्तर मिळाले होते, आणि डीसेंट म्हणजे काय हे मला पहिल्या दिवशी लोकांच्या नजरांवरून ठरवायला लागले असते.

आता अंमलबजावणीविषयी. पत्रकात पुरुष आणि स्त्रिया दोघांसाठी नियम आहेत. दारात मात्र ते स्त्रियांनाच लागू होतात. एका संध्याकाळी माझ्यासमोर एका तरुण मुलीला थांबवण्यात आले. तिचा टी-शर्ट कमरेपाशी दोन बोटे आखूड होता. तिला सौजन्यानेच सांगितले गेले, जिमचा जादा टी-शर्टही देऊ केला गेला, तिनेही तो निमूट घातला. तिथपर्यंत सारे रीतसर झाले. पण त्याच वेळी आत, आरशासमोर, तीन तरुण बाजूंनी पूर्ण उघडी अशी बनियने घालून उभे होते आणि त्यांतील एकजण दर सेटनंतर ते वर गुंडाळून आपल्या पोटाच्या वळ्यांची प्रगती तपासत होता. मी स्वागतकक्षात जाऊन पत्रकातील दुसरे चित्र दाखवले. मुलगी कानकोंडी होऊन म्हणाली, ‘माम, त्यांना सांगितलं की ते हसतात.’ व्यवस्थापकांनी नंतर दिलेले उत्तर जवळपास हेच होते, फक्त अधिक शब्दांत. मला वाटते, येथे दोष त्या मुलीचा नाही. तिला नियम दिला आहे, पण तो मोडणाऱ्या धिप्पाड माणसाला बाहेर काढण्याचा अधिकार दिलेला नाही, आणि ज्याला तो अधिकार आहे तो तळमजल्यावरच्या कचेरीत बसतो. इस्लामी रीतीत पुरुषालाही अंग झाकण्याची मर्यादा आहे, नाभीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग झाकलेला असावा असे बहुतेक पंथांत मानले जाते; तेव्हा ‘इथल्या संस्कृतीचा मान’ हे कारण सांगून फक्त बायकांना हटकणे त्या संस्कृतीलाही धरून नाही. लेखी तक्रारीनंतर संध्याकाळच्या गर्दीत एक पुरुष प्रशिक्षक दाराशी उभा राहू लागला आहे. त्याने फरक पडला आहे, पण तो सुट्टीवर असला की बनियने परत येतात.

स्त्रियांसाठीचा वेगळा विभाग हा येथील दुसरा मोठा विषय. काचांना बाहेरून दिसणार नाही अशी काळी फिल्म आहे, दार उघडल्यावर लगेच आतले दिसू नये म्हणून आडवी भिंत घातली आहे, आत केवळ स्त्री-प्रशिक्षक आणि स्त्री-सफाई कर्मचारी. या दारापलीकडे पेहरावाचे जवळपास सगळे नियम गळून पडतात. बाहेर नखशिखांत झाकलेल्या अमिराती आणि येमेनी मुली आत शॉर्ट्स आणि बिनबाह्यांच्या कपड्यांत, केस मोकळे सोडून, अत्यंत गंभीरपणे व्यायाम करताना दिसतात. तिथे उलटा शिष्टाचार पाळावा लागतो : दार उघडताना बाहेर कोणी पुरुष उभा नाही ना हे पाहायचे, ते उघडे ठेवून मैत्रिणीशी गप्पा मारायच्या नाहीत, आणि फोन हातात घेऊन हिंडायचे नाही. माझ्या सासूबाई गेल्या हिवाळ्यात इथे आल्या होत्या, तेव्हा दिवसाचा पास काढून त्यांना मी बरोबर नेले. पुण्यात सोसायटीच्या जिममध्ये ‘तिथे मुलगे असतात’ म्हणून त्या कधी फिरकल्या नाहीत. इथे पंजाबी ड्रेसवर, ओढणी कपाटात ठेवून, त्या निवांत ट्रेडमिलवर चालल्या. शेजारच्या ट्रेडमिलवर सलवार-कमीज घातलेल्या लाहोरच्या एक बाई होत्या; गुडघेदुखी हा विषय दोघींना पुरेपूर पुरला. ‘अहो आई, निघायचं ना?’ असे मला दोनदा विचारावे लागले.

पण ज्यांना चालण्यापलीकडे काही करायचे आहे त्यांची या विभागात निराशा होते. ट्रेडमिल, सायकली, रंगीत लहान डंबेल, योगाच्या सतरंज्या. स्क्वॉट रॅक (जड बार खांद्यावर घेऊन बैठका मारण्याची चौकट) नाही, ऑलिम्पिक बार (दोन्ही टोकांना वजने लावायचा लांब लोखंडी दांडा) नाही, बारा किलोंच्या वरचे डंबेल नाहीत. ते सारे एकत्र दालनात. म्हणजे ज्या मुलीला घरच्या रीतीमुळे किंवा स्वतःच्या श्रद्धेमुळे पुरुषांसमोर व्यायाम करायचा नाही, तिने वजन उचलायचेच नाही असा या रचनेचा अर्थ होतो. बायकांना फक्त बारीक व्हायचे असते, ही समजूत या देशात तरी टिकायला नको होती. आंतरराष्ट्रीय भारोत्तोलन महासंघाने २०११ मध्ये, अमेरिकेच्या कुल्सूम अब्दुल्ला यांच्या मागणीनंतर, स्पर्धेच्या पोशाखाखाली हातपाय झाकणारा घट्ट पोशाख घालायला परवानगी दिली, आणि त्यानंतरच्या वर्षांत संयुक्त अरब अमिरातीच्याच आमना अल हद्दाद हिजाब घालून भारोत्तोलनात उतरल्या. आज या विभागातील निम्म्या मुलींचा हिजाब खेळासाठीच शिवलेला, ताणल्या जाणाऱ्या कापडाचा असतो. पोशाखाचा प्रश्न सुटला आहे. आता फक्त बारची वाट आहे.

पुरुषांच्या कपडे बदलण्याच्या खोलीविषयी मी अर्थातच ऐकीव लिहीत आहे, पण ऐकवणारा माणूस घरातलाच आहे आणि बारकाव्यांत चोख आहे. माझ्या नवऱ्याच्या मते या जिमची खरी परीक्षा तिथे होते. युरोपातून आलेल्या काही सदस्यांना खोलीत सर्वांसमोर पूर्ण विवस्त्र होऊन कपडे बदलण्याची सवय असते आणि त्यात त्यांना वावगे काही वाटत नाही. अरब, पाकिस्तानी आणि बहुतेक भारतीय सदस्यांना ते असह्य होते. आमच्याकडच्या तालमीत लंगोटावर माती अंगाला लावणे ही रीत असली, तरी लंगोट बदलताना पंचा सुटत नाही. त्यामुळे कमरेला टॉवेल हवाच, ही सूचना येथे कपाटांच्या ओळीवरच लावली आहे, आणि प्रत्येक स्नानघराला पडदा न ठेवता पूर्ण दार व आत कपडे अडकवायला खुंट्या आहेत. स्नानघरात जायचे, आतच कपडे बदलायचे, बाहेर यायचे. खर्च थोडा जास्त झाला असेल, पण या एका गोष्टीने रोजची कुरबुर मिटवली आहे. दुसरी तक्रार वुजूची असते. नमाजापूर्वी हातपाय धुण्यासाठी सोय नसली की लोक बेसिनमध्ये पाय धुतात, जमीन ओली होते, कोणीतरी घसरते, आणि मग ‘येथे पाय धुऊ नयेत’ असा फलक लागतो, ज्याचा अर्थ अनेकांना ‘येथे नमाज पढू नये’ असा वाटतो. या जिमने नमाजाच्या छोट्या खोलीबाहेर खालच्या उंचीचे दोन नळ आणि बसायला कट्टा केला आहे. बेसिनवर फलक लावण्याची वेळच आली नाही.

अजान सुरू झाली की दालनातील संगीत बंद होते. कोणी व्यायाम थांबवावा अशी अपेक्षा नसते. ज्यांना जायचे ते जातात, बाकीचे चालू ठेवतात. एवढेच पाहायचे, की त्या काही मिनिटांत स्वतःच्या फोनच्या स्पीकरवर गाणे लावायचे नाही आणि लोखंड आदळायचे नाही. माझ्या मते लोखंड इतर वेळीही आदळू नये, पण ते सांगणाऱ्याला कुठल्याही देशात कोणी ऐकत नाही.

प्रशिक्षकांच्या वागण्याला मी पूर्ण गुण देईन. पुरुष-प्रशिक्षक स्त्री-सदस्याची ठेवण दुरुस्त करताना हात लावत नाहीत. एक हलकी काठी पाठीला समांतर धरून कणा कुठे वाकतो ते दाखवतात, किंवा स्वतः करून दाखवतात. हात लावणे आवश्यकच असेल तर आधी विचारतात, आणि नकार आला तर चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. परस्त्रीशी किंवा परपुरुषाशी हस्तांदोलन करायला आपण आधी हात पुढे करू नये, समोरच्याने केला तर करावे, नाही तर छातीवर हात ठेवून मान लववावी, ही साधी रीत आहे. नव्याने आलेल्या मराठी मंडळींना ती दोन दिवसांत जमते, कारण आपला नमस्कारही काही वेगळा नाही. एखाद्या अमिराती बाईला ‘स्पॉट’, म्हणजे वजन उचलताना आधार, हवा आहे असे वाटले तरी परपुरुषाने आपण होऊन बारखाली हात घालू नये. अपघात होत असेल तर गोष्ट वेगळी. एक गोष्ट मात्र नोंदवते. प्रशिक्षकांची नोंदणी अमिरातीच्या व्यायाम-व्यावसायिकांच्या नोंदवहीत आहे की नाही हे विचारण्याचा सदस्याला हक्क आहे, आणि येथे ते विचारल्यावर कोणी रागावले नाही.

फोनच्या बाबतीत मात्र जिमने ढिलाई ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. स्त्री-विभागात शिरताना कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली जाते. एकत्र दालनात मात्र रील काढणाऱ्यांना मोकळे रान आहे. कित्येकांना ठाऊकच नसते, की २०२१ च्या सायबर गुन्ह्यांविषयीच्या संघराज्य कायद्यानुसार, परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढून किंवा प्रसारित करून त्याच्या खासगीपणाचा भंग केल्यास किमान सहा महिने कैद किंवा दीड ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि हे सार्वजनिक जागेतही लागू होते. आपल्या डेडलिफ्टच्या मागे आरशात एखादी हिजाबातली मुलगी घाम पुसताना टिपली गेली, तर तक्रार करायची की नाही हे ती ठरवणार, आपण नाही. पत्रकात याविषयी एक ओळ आहे, तीही तळाशी, बारीक अक्षरांत. ती वर आणावी.

रमजानातील अनुभव मला चांगला आला. त्या महिन्यात खासगी क्षेत्रातही कामाचे तास रोज दोनने कमी होतात आणि शहराचे घड्याळ रात्रीकडे सरकते. जिम रात्री उशिरापर्यंत उघडी असते. इफ्तारच्या आधीच्या तासात हलका व्यायाम करणारे रोजेदार असतात, आणि खरी गर्दी तरावीहच्या, म्हणजे रमजानातील रात्रीच्या जादा, नमाजानंतर होते. रोजा नसलेल्यांसाठी पाण्याचा कूलर एका आडभिंतीमागे हलवला जातो. उपाहारगृहांना दिवसा पडदे लावण्याची सक्ती दुबईने २०२१ पासून काढून टाकली आहे. तेव्हा जिममध्ये ही आडभिंत ठेवण्यामागे आदेशापेक्षा सौजन्यच अधिक आहे. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस शेजारच्या बाकावर असताना त्याच्यासमोर बाटली घटाघटा रिकामी न करणे एवढीच ती अपेक्षा. दुपारी मात्र जाऊ नका : वातानुकूलन कमी केलेले असते आणि कर्मचारीही रोजा धरलेले, पेंगुळलेले असतात.

वासाचा विषय थोडक्यात आटोपते. उन्हाळ्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, धावणारा प्रत्येकजण आत येतो, आणि टॉवेल सक्तीचा असूनही बाके ओली राहतात. आपल्याकडच्या काहींनी डोक्याला भरपूर तेल लावून बाकावर पाठ टेकू नये, आणि इतर काहींनी ऊदाचे अत्तर मानेवर ओतून ट्रेडमिलवर चढू नये. दोन्ही पक्षांना हे सांगितलेले मी पाहिले आहे. इथे तरी समानता आहे.

जिमबाहेर पडल्यावर काय, हेही नव्या सदस्याने विचारात घ्यावे. व्यायामाच्या कपड्यांवर सैलसा लांब शर्ट किंवा जॅकेट घालून मेट्रोत बसणे ही येथली सर्वसाधारण रीत. शारजात राहून दुबईत नोकरी करणाऱ्यांनी अधिक जपावे; तिथे सार्वजनिक सभ्यतेचे नियम २००१ पासून लागू आहेत, पेहरावाबाबत ते दुबईपेक्षा कडक आहेत, आणि पुरुषांची व स्त्रियांची जिम बहुतेक ठिकाणी वेगळीच असते. शारजातल्या माझ्या दोन मैत्रिणी ऑफिसनंतर याच जिममध्ये येतात आणि परतीच्या बससाठी पिशवीत पूर्ण बाह्यांचा कुडता ठेवतात. त्यांना त्यात जाच वाटत नाही. मला, खरे सांगायचे तर, थोडा वाटला असता.

ज्या स्त्रियांना हलका व्यायाम करायचा आहे, ज्यांच्या घरी आई किंवा सासूबाई येऊन-जाऊन असतात, आणि ज्या पुरुषांना नीटनेटकी, दारे असलेली स्नानगृहे हवी आहेत, त्यांनी येथे जरूर नाव घालावे. वजन उचलणाऱ्या स्त्रीला एकत्र दालनाचा संकोच नसेल तर तिलाही हरकत नाही. असेल तर थांबावे. दुबई फिटनेस चॅलेंज, म्हणजे तीस दिवस रोज तीस मिनिटे व्यायामाचा २०१७ पासूनचा उपक्रम, सहसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो; त्या काळात अनेक जिममध्ये मोफत वर्ग असतात, येथेही होते, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी संध्याकाळी सातच्या गर्दीत एकदा जाऊन पाहावे. स्त्री-विभागात रॅक आणि बार ईदनंतर बसवू, असे व्यवस्थापकांनी मला लेखी कळवले आहे. मी वर्षाचे शुल्क भरण्याऐवजी तीन महिन्यांचेच भरले आहे, आणि पावतीवर त्याचे कारण लिहून घेतले आहे.